थंडीत सकाळी बाईक कडक का होते? शॉकअप बदलायच्या आधी हे समजून घ्या

थंडी सुरू झाली की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते. "शॉकअप कडक झालेत, सकाळी प्रत्येक खड्डा कमरेत बसतो." गंमत म्हणजे हीच गाडी दुपारी गॅरेजमध्ये नेली, की मेकॅनिकला काहीच सापडत नाही. मग कुणी मागच्या शॉकअपची रिंग फिरवतं, कुणी थेट नवीन जोडी टाकून मोकळं होतं. बऱ्याचदा या दोन्हीची गरज नसते.

शॉकअपमध्ये दोन गोष्टी काम करतात. एक स्प्रिंग आणि दुसरं तेल. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खड्ड्यात दबते. पण नुसती स्प्रिंग असती, तर एका खड्ड्यानंतर गाडी पुढची दहा-वीस फूट डोलत गेली असती. हे डोलणं थांबवायचं काम तेल करतं. शॉकअप दबला की आतलं तेल बारीक छिद्रांतून जोराने ढकललं जातं, तिथे अडतं, आणि त्या अडण्यामुळे हिसका जिरतो.

आता थंडीचा स्टीलच्या स्प्रिंगवर जाणवेल असा परिणाम होत नाही. तेलावर मात्र होतो. ४० अंश सेल्सिअसला ३२ सेंटीस्टोक इतकं घट्ट असणारं साधं खनिज तेल १० अंशांवर त्याच्या कित्येक पट घट्ट होतं, आणि शून्यावर तर जवळपास दहा पट. थंडीत खोबरेल तेलाची बाटली उलटी करून पाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. शॉकअपचं तेल तसं गोठत नाही, पण छिद्रांतून वाहायला वेळ लावतं. चाक खड्ड्यात उतरायला आणि परत वर यायला उशीर करतं. म्हणजे हिसका शॉकअपमध्ये जिरण्याऐवजी हँडलपर्यंत आणि सीटपर्यंत येतो.

हा प्रश्न फक्त आरामाचा नाही. चाक रस्त्याला चिकटून राहिलं, तरच ब्रेक लागतो. खडबडीत वळणावर कडक शॉकअपमुळे चाक क्षणभर उडतं, त्यात टायरचं रबरही थंड असतं. पहाटे गाडी घसरते तेव्हा दोष धुक्यावर जातो, पण पकड आधीच कमी झालेली असते.

मग गाडी 'गरम' कधी होते? इंजिन दोन मिनिटं चालू ठेवून शॉकअपला काहीच फरक पडत नाही. तेल तापतं ते शॉकअप वर-खाली झाल्याने. खराब रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटांत फरक जाणवू लागतो. गुळगुळीत हायवेवर मात्र शॉकअप फारसा हलतच नाही, वरून गार वारा लागत राहतो, त्यामुळे पन्नास किलोमीटर जाऊनही पुढचे शॉकअप थंडच राहू शकतात. लडाखमध्ये, जिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली असतो, तिथे तर ही रोजचीच गोष्ट.

रिंग फिरवण्याबद्दल थोडं. स्प्लेंडरसारख्या गाड्यांना मागे पाच टप्प्यांची रिंग असते. ती फक्त स्प्रिंगचा ताण बदलते, तेलाला हातही लावत नाही. सकाळी कडक वाटतं म्हणून ती सैल केली, तर दुपारी डबलसीट जाताना गाडी मागून बसते.

पल्सरच्या नायट्रॉक्ससारख्या गॅसच्या शॉकअपमध्ये थंडीने गॅसचा दाबही कमी होतो. ३० अंशांवरून ५ अंशांवर आल्यास ही घट साधारण आठ टक्के असते. पण गॅसचं मुख्य काम तेलात फेस होऊ न देणं हे आहे, त्यामुळे चालवताना हा फरक सहसा कळत नाही.

टायरचं गणित जास्त महत्त्वाचं आहे. दुपारी ३२ अंशांना २९ पीएसआय हवा भरली, तर पहाटे ८ अंशांना तीच २५-२६ वर येते. निफाडकरांनी थंडीत ही हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधीच तपासलेली बरी. कंपनीने सांगितलेला आकडा थंड टायरचाच असतो.

खरा बिघाड ओळखायची खूण वेगळी आहे. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत रॉडवर तेलाचा गोल दिसला, तर ऑइल सील गेलं. थंडीत सीलचं रबर ताठर होतं, आणि रॉडवर वाळलेला चिखल ते खरवडतो. हे तेल ओघळून पुढच्या डिस्कपर्यंत गेलं, तर ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. अशी गाडी चालवत नेण्यापेक्षा टेम्पोत घालून न्यावी.

तेल बदलायचं असेल, तर नुसतं '१०डब्ल्यू' बघून बाटली घेऊ नका. दोन कंपन्यांचं १०डब्ल्यू सारखंच घट्ट असेल असं नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेल आणि सांगितलेलं मापच वापरा. चांगलं सिंथेटिक तेल थंडीत तुलनेने कमी घट्ट होतं.

आणि शॉकअप बदलायचं ठरवण्याआधी एक चाचणी भर दुपारी, थोडं फिरून आल्यावर करा. पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात दाबा आणि सोडा. हँडल एकदाच वर येऊन थांबलं, तर सकाळचा कडकपणा थंडीचा होता. दोन-तीनदा डोललं, तर तेल संपलंय किंवा जुनं झालंय. दुपारीही दाबताना अडकल्यासारखं वाटलं, तर रॉड वाकलेला आहे का ते मेकॅनिककडून बघून घ्या.