गिरणींतील स्त्रीची जागा

कापडगिरण्यांनीं मुंबईस औद्योगिक नगरी केलें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या गिरण्यांतून स्त्री हळूहळू कशी बाहेर पडली, हें मात्र फारसें सांगितलें जात नाहीं.

१८५६ सालीं कावसजी दावर यांची गिरणी सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या गिरणी-कामगारांत सुमारें एक पंचमांश स्त्रिया होत्या. सूत गुंडाळणें व त्याच्या लडी करणें हीं कामें बहुतेक त्यांच्याकडेच असत आणि मजुरी कामाच्या मापावर मिळे.

त्यांच्या कष्टांकडे कायद्याचें लक्ष गेलें. १८९१ सालीं त्यांच्या कामाचे तास ११ वर आणण्यांत आले. रात्रीचें काम वर्ज्य झालें. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला. परंतु त्या भत्त्याचा सारा भार मालकांवर होता. १९२८ सालीं विधेयकास पाठिंबा देतांना, हा भार बहुतांशीं सरकारनें उचलावा, असें मत डॉ. आंबेडकरांनीं मांडलें होतें. तसें झालें नाहीं. पुढें वेगवान यंत्रें आलीं, रात्रपाळ्या वाढल्या. तेव्हां स्त्री ही मालकास महाग व गैरसोयीची वाटूं लागली. तिच्या जागीं पुरुष आला. पुरुष हाच कुटुंबाचा पोशिंदा, या समजुतीमुळें तिच्या बाजूनें आवाजही क्षीणच उठला.

१९७६ सालीं समान वेतनाचा कायदा झाला, तेव्हां तें वेतन मागावयास गिरणींत स्त्रिया फारच थोड्या उरल्या होत्या. संरक्षणाचा खर्च समाजानें वांटून घेतला नाहीं, तर जिचें रक्षण करावयाचें तिचीच जागा जाते, हाच या इतिहासाचा बोध होय.