कासवाचे पिल्लू किती आणि कसे वाढते?

वारणा खोऱ्यातील विहिरींना कासव नवे नाही. पाणी स्वच्छ राहते या समजुतीने ते विहिरीत सोडण्याची रीत जुनीच. वारणानगरसारख्या गावातील घरात काचेच्या पेटीतून येणारे कासव मात्र निराळे. शहरांतील दुकानांत मिळणारे हिरवे पिल्लू बहुधा लाल कानाचे, मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले असते. अंड्यातून बाहेर पडताना त्याची लांबी जेमतेम ३ सेंटिमीटर भरते. ते एवढेच राहील, असा घेणाऱ्याचा समज होतो, आणि पुढच्या साऱ्या अडचणींचे मूळ तेथेच आहे. या जातीची मादी २५ सेंटिमीटरच्याही पुढे जाते. नर लहान राहतो, पण लवकर वयात येतो. नीट सांभाळलेले कासव २० ते ३० वर्षे जगते.

कासव शीतरक्ती असल्याने त्याची वाढ वयापेक्षा ऊब आणि अन्न यांवर अवलंबून असते. थंडीत ते खाणे कमी करते आणि वाढ मंदावते. कायम उबदार पेटीत भरपूर खाणे मिळालेले पिल्लू मोकळ्या कासवापेक्षा कितीतरी वेगाने वाढते. म्हणूनच पाठीवरील वलये मोजून वय सांगण्याची हौस फारशी विश्वासार्ह नाही. महिन्याकाठी वजन आणि कवचाची सरळ लांबी टिपून ठेवणे अधिक उपयोगाचे.

वेगवान वाढ म्हणजे सुदृढ वाढ नव्हे. जमिनीवरील कासवांच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात, त्याचा दोष पूर्वी केवळ प्रथिनांना दिला जाई. २००३ मध्ये व्हिएन्ना येथील संशोधकांनी आफ्रिकेतील एका जातीच्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासात कोरडी हवा हे प्रमुख कारण आढळले. प्रथिनांचा वाटा किरकोळ होता. आपल्याकडील तारा कासवाची गंमत अशी, की थोडे उंचवटे त्याला निसर्गतःच असतात. कवच मऊ पडणे हा मात्र निश्चित आजार. कॅल्शियम आणि ऊन यांच्या अभावी तो होतो. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन येथे कामाचे नाही, कारण ‘ड’ जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते.

तारा कासव घरी ठेवण्याचा विचारही करू नये. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश झाला असून, ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्याआधी, २०१९ मध्ये, त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली.

लाल कानाच्या पिल्लाबाबत अमेरिकेने १९७५ मध्येच ४ इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस मनाई केली. लहान मुले ती तोंडाजवळ नेत आणि त्यांना साल्मोनेलाची बाधा होई. आपल्याकडेही कासव हाताळल्यावर साबणाने हात धुणे आवश्यक आहे.

पेटी अपुरी पडली, की कासव नदीत सोडण्याचा मोह होतो. तो घातक आहे. जगातील १०० अतिउपद्रवी परकीय जातींच्या यादीत लाल कानाच्या कासवाची गणना होते. अन्न आणि उन्हाची जागा ते स्थानिक कासवांकडून बळकावते. वारणा सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते, आणि कृष्णेच्या खोऱ्यात दुर्मीळ होत चाललेले लेथचे मृदुकवची कासव आहे. नकोसे झालेले कासव दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्याकडे द्यावे. देशी कासव सापडल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.