मुंबई–लंडन हवाई अंतर
मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ व लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील, पृथ्वीच्या बृहद्वृत्तावरून मोजलेले लघुतम अंतर सुमारे ७,२०० किमी. असून, निषिद्ध हवाई हद्दी टाळून आखलेला प्रत्यक्ष मार्ग त्याहून लांब पडतो. पश्चिमेकडून वाहणाऱ्या उच्चस्तरीय वाऱ्यांचा रोध सोसत लंडनला पोहोचण्यास साधारणतः दहा तास लागतात. तेच वारे परतीच्या प्रवासात साहाय्यभूत होऊन वेळेची बचत करतात. हिवाळ्यात स्थानिक वेळांत साडेपाच तासांची तफावत असल्याने, मुंबईहून दुपारी एक वाजता निघालेला प्रवासी दहा तासांनी उतरतो, तेव्हा लंडनच्या घड्याळात सायंकाळचे साडेपाचच वाजलेले असतात. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ विमानाने, कैरो व जिनीव्हा येथे थांबे घेत, या मार्गावरील सेवेचा शुभारंभ केला.