लठ्ठपणाची कारणे ताटाबाहेरचीही!

खाणे वाढले, चालणे घटले, म्हणून वजन वाढले, ही लठ्ठपणाची सर्वपरिचित मीमांसा. ती खोटी नाही. मात्र पुरेशीही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात अतिरिक्त वजन असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्के झाले. पुरुषांत ते १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर गेले. जगभर वाढणाऱ्या स्थूलतेची दहा दुर्लक्षित, संभाव्य कारणे संशोधकांच्या एका गटाने २००६ मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ओबेसिटी’मध्ये मांडली होती. त्यांतील काही महत्त्वाची कारणे अशी :

अपुरी झोप : शिकागो विद्यापीठाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार तास झोपू दिले गेले. दहा तासांच्या झोपेच्या तुलनेत तृप्तीची जाणीव देणारे ‘लेप्टिन’ १८ टक्क्यांनी घटले, तर भूक चाळवणारे ‘घ्रेलिन’ २८ टक्क्यांनी वाढले. गोड, खारट पदार्थांची ओढही वाढली.

औषधे : इन्सुलिन, स्टेरॉइड, तसेच मनोविकार, नैराश्य व अपस्मार यांवरील काही औषधांनी वजन वाढू शकते. अशी औषधे परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे. पर्यायी औषधाबाबत डॉक्टरांनाच विचारावे.

धूम्रपानत्याग : निकोटिन भूक दडपते. त्यामुळे धूम्रपान सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते. तरीही ते सोडण्याचे लाभ कितीतरी अधिक आहेत.

वातानुकूलन : थंडीत शरीर ऊब राखण्यासाठी ऊर्जा खर्च करते आणि उकाड्यात भूक मंदावते. बारमाही सुखद तापमानात हे दोन्ही घडत नाही. याबाबतचे पुरावे मात्र अद्याप मर्यादित आहेत.

गर्भावस्थेतील पोषण : या कारणाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याच्या बालकांचे स्नायू बरेच कमी होते. त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. अंगाने बारीक, पण आतून चरबीयुक्त असे हे बाळ! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक व ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांची तुलना छायाचित्रासह प्रसिद्ध झाली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, शरीरातील चरबी मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के. म्हणूनच भारतीयांनी वजनाच्या काट्याबरोबरच कमरेच्या घेराकडेही लक्ष द्यावे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा मानली जाते.

आहार व व्यायाम यांचे महत्त्व यामुळे उणावत नाही. मात्र स्थूल व्यक्तीला आळशी वा खादाड ठरवण्यापूर्वी तिची झोप, औषधे आणि जन्मापूर्वीचे पोषणही विचारात घ्यायला हवे. उद्याच्या पिढीचे आरोग्य आजच्या मुलीच्या ताटात काय वाढले जाते, यावरही अवलंबून आहे.