रोग्याच्या रक्तानें दिलेली साक्ष

वांत्या आणि जुलाब हें दुखणें मनुष्याच्या पांचवीलाच पुजलेलें आहे. पटकीचा जंतु रॉबर्ट कॉख यानें १८८३-८४ मध्यें इजिप्त व कलकत्ता येथें शोधून काढला. तथापि कित्येक रोग्यांच्या मळांत कोणताच ज्ञात जंतु सांपडत नसे. १९२९ सालीं झाहोर्स्की या अमेरिकन बालवैद्यानें हिवाळ्यांत उद्भवणाऱ्या अशा वांत्यांचें वर्णन केलें. रोगाला नांव मिळालें, पण गुन्हेगार मोकळाच राहिला. आणि गुन्हेगार ठाऊक नसतां त्याच्या वाटा तरी कशा अडवाव्या?

१९६८ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत, नॉरवॉक गांवच्या एका प्राथमिक शाळेंत, सुमारें निम्मे विद्यार्थी व शिक्षक या दुखण्यानें आजारी पडले. रोग्यांच्या मळाचें द्रावण जंतूंनाहि अडविणाऱ्या सूक्ष्म गाळणींतून गाळून स्वयंसेवकांस पाजलें, तरीहि त्यांतील कांहींजण आजारी पडलेच. अर्थात् रोगाचें बीज जंतूहूनहि लहान, म्हणजे विषाणु असला पाहिजे. परंतु प्रयोगशाळेंतील पेशींत तो कांहीं केल्या वाढेना.

तेव्हां बेथेस्डा येथील आल्बर्ट कापिकियन व त्यांचे सहकारी यांनीं निराळीच युक्ति योजिली. मनुष्य दुखण्यांतून उठला म्हणजे त्याच्या रक्तांत त्या शत्रूला नेमकीं चिकटणारीं प्रतिद्रव्यें सांठलेलीं असतात. बऱ्या झालेल्या स्वयंसेवकाच्या रक्तांतील निवळ द्रव त्यांनीं त्या गाळलेल्या द्रावणांत मिसळला व तें मिश्रण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें पाहिलें. मळांत सूक्ष्म कणांचा बाजारच भरलेला असतो. त्यांत चोर कोणता हें नुसत्या डोळ्यांस कसें कळावें? पण प्रतिद्रव्यांनीं तो हेरला. अवघ्या २७ नॅनोमीटरांचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लक्ष भागांपैकीं २७ भागांएवढे कण पुंजके करून बसलेले दिसले. दुखण्यापूर्वीं काढलेल्या रक्तांत हा गुण फारसा नव्हता. दुखण्यानंतरच्या रक्तांत तो ठळक होता. हाच खरा पुरावा. तो १९७२ मध्यें प्रसिद्ध झाला.

पुढें या सूक्ष्मदर्शकानें एकेक अज्ञात विषाणु उजेडांत आणला. १९७३ मध्यें मेलबर्न येथें रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांस आजारी बालकांच्या आंतड्यांत चाकासारखा रोटाव्हायरस दिसला. १९७५ मध्यें ग्लासगो येथें चांदणीसारख्या विषाणूचें ॲस्ट्रोव्हायरस असें नामकरण झालें. आणि जपानांत साप्पोरो येथील अनाथालयांत १९७७ मध्यें आलेल्या सांथीनें सापोव्हायरसची ओळख करून दिली.

नॉरवॉकवरून मात्र नोरोव्हायरस हें कुलनाम पडलें. या कुलांतील विषाणु मानवी आंतड्याच्या पेशींत वाढविणें २०१६ सालीं, म्हणजे ओळख पटल्यानंतर ४४ वर्षांनीं, साधलें. काचेच्या नळीला जो इतकीं वर्षें वश झाला नाहीं, त्याच्याविरुद्ध पहिली साक्ष दिली ती त्याच्याशीं झुंजलेल्या देहाच्या रक्तानेंच.