हुतुतूतील लाथ आणि पकड

मायभूमीपासून दूर म्हैसूरला स्थायिक झालेल्या आम्हा मराठी मंडळींना हुतुतू येथे परका वाटला नाही. कन्नड शेजाऱ्यांची कबड्डी, तामिळनाडूतील सडुगुडू, बंगालमधील हाडुडू ही सारी त्याचीच भावंडे. मात्र नावांप्रमाणे नियमही निराळे होते. बाद झालेला गडी संजीवनी प्रकारात पुन्हा जिवंत होई. गामिनीत संघातील सर्व गडी बाद होईपर्यंत तो बाहेर बसे. अमर प्रकारात तो मैदान सोडीतच नसे. परमुलखातील संघाशी खेळावे तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने शोधले. १९१८ साली नियमांना आकार आला, १९२३ मध्ये ते छापून प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्यांनुसार बडोद्यास अखिल भारतीय सामने झाले. पुढे संजीवनी हाच प्रकार सर्वमान्य झाला.

या नियमांचे मर्म पाहावयाचे तर चढाई करणाऱ्याच्या लाथेकडे पाहावे. त्याच्या पायाचा नुसता स्पर्श झाला तरी बचाव करणारा गडी धोक्यात येतो. पण तो लगेच बाद होत नाही. दम न सोडता चढाईवाला मध्यरेषेला पोहोचला तरच तो स्पर्श फळास येतो. म्हणूनच उगारलेल्या लाथेवर उत्तर म्हणजे घोट्याची पकड. ती फसली आणि झटापटीत चढाईवाल्याचे बोट जरी मध्यरेषेला लागले, तरी त्याला धरणारे सर्वच बाद! लाथ मारणाऱ्याइतकेच साहस पकड करणाऱ्यालाही लागते, ते यामुळेच.

या साहसालाही नियमाने मर्यादा घातली आहे. पकड हातापायांची किंवा धडाची असावी. तोंड दाबून दम कोंडणे, पायांची कैची घालणे अथवा चढाईवाल्याला हेतुपुरस्सर रेषेबाहेर ढकलणे निषिद्ध आहे. मातीत उतरलेल्या प्रतिस्पर्ध्याने धडधाकट घरी परतावे, ही काळजी त्यामागे आहे.

१९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये या खेळाची प्रात्यक्षिके दाखविली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्याला पदकाचा मान मिळाला. गावोगावचे नियम एक झाले नसते, तर ही मजल गाठता आली नसती.

त्यासाठी हुतुतू हे आपले लाडके नाव मागे पडले, याची हुरहूर आम्हांला आहे. परंतु त्याच्या बदल्यात आमची मुले आज म्हैसूरच्या कोणत्याही मैदानात भाषा न विचारता खेळावयास उतरू शकतात. हा व्यवहार तोट्याचा झाला, असे आम्हांस वाटत नाही.