भागधारक संरक्षण

भागधारक संरक्षण : भागधारकाने मागणी केलेली नसताना त्याच्यापुढे मांडल्या जाणाऱ्या फसव्या गुंतवणूक-प्रस्तावांपासून त्याच्या पैशाचे रक्षण करणारी कायदेशीर व प्रशासकीय व्यवस्था. भागधारक हा कंपनीचा अंशतः मालक असला, तरी तिच्या कारभाराची माहिती त्यास क्वचितच असते. या उणिवेचा लाभ घेणारा विक्रेता मोठ्या लाभाची हमी देतो. मात्र चौकशीस अवधी देत नाही.

भारतात या प्रश्नाची तीव्रता प्रथम मुंबईत जाणवली. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकाशरला होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला आणि मुंबईत पैशाचा ओघ सुरू झाला. बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून जमीन मिळवू पाहणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या. बॅक बे कंपनीचे भाग दर्शनी मूल्याच्या कित्येक पटींनी विकले गेले. सर्वच योजना लबाडीच्या नव्हत्या. परंतु त्यांची पारख करण्याचे साधन सामान्य खरेदीदाराकडे नव्हते. युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची पूर्तता होऊ न शकल्याने अनेक पेढ्या बुडाल्या. भागांच्या तारणावर सढळ कर्जे देणारी बँक ऑफ बाँबेही १८६८ मध्ये बंद पडली. तिच्या चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. मुंबईच्या दलालांची संघटना १८७५ मध्ये स्थापन झाली.

भारतीय कंपनी कायद्यास आधारभूत ठरलेल्या ब्रिटिश कायद्याने घरोघर फिरून भाग विकण्यास १९२० नंतरच्या दशकात बंदी केली. भारतात १९५६ च्या कंपनी अधिनियमाने माहितीपत्रकातील असत्य विधानांबद्दल दायित्व ठरविले आणि फसवून गुंतवणुकीस प्रवृत्त करणे (कलम ६८) हा गुन्हा मानला. हीच तरतूद २०१३ च्या अधिनियमात कलम ३६ मध्ये आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळास (सेबी) १९९२ मध्ये वैधानिक अधिकार मिळाले. वृक्षलागवडीसारख्या सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी १९९९ मध्ये स्वतंत्र विनियम झाले. त्याच वर्षी महाराष्ट्राने ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा अधिनियम केला. २०१३ पासून मोबदला घेऊन गुंतवणूक-सल्ला देणाऱ्यास, काही अपवाद वगळता, नोंदणी आवश्यक आहे.

दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याची जागा आता दूरध्वनी व भ्रमणध्वनीवरील संदेशांनी घेतली आहे. कायदा बहुधा नुकसानीनंतर येतो आणि गेलेला पैसा पूर्णपणे क्वचितच परत मिळतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याची नोंदणी व लेखी माहिती पडताळणे, हाच भागधारकाचा पहिला बचाव होय.